सुरूच्या बनातली घसरगुंडी

"जंगल बघाय येवढ्या लांब? आपल्या पाठीमागं काय हाय मंग?" शेणव्याहून निघाल्यापासून गुणाबाईची ही कुरकुर चालू होती.

तिची सून भाविका वाशिंदच्या कारखान्यात पॅकिंगला होती. सहल तिथल्या बायकांची, घरचं एक माणूस आणायची मुभा. नवऱ्याला सुट्टी नाही मिळाली, म्हणून तिनं सासूला गाडीत घातलं. दोघींचं बोलणं एरवी भात, भाजी आणि पाणी भरलं का, एवढंच.

पालघरकडच्या किनाऱ्यावर गाडी थांबली. समोर सुरूचं बन, आणि खाली माती नाहीच. नुसती वाळू! गुणाबाईनं चपला काढून पाय रोवला, तो घोट्यापर्यंत आत गेला.

"अगो, झाडं उभी कशाव हायत?"

पुढं वाळूचा उंच ढीग होता. दुसऱ्या सहलीतली पोरं नारळाच्या झावळीवर बसून त्यावरून सुसाट खाली येत होती. गुणाबाई बघायला म्हणून वर चढली आणि कडेची वाळूच निसटली. ती बसल्या बसल्या थेट खाली!

मागोमाग चढलेली भाविका वरून ओरडली, "आई! लागलं का?"

गुणाबाई पाय पसरून बसली होती. डोक्यावरचा पदर कानाशी आलेला. मग तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय, म्हणून भाविका धावत खाली आली, तर म्हातारी हसत होती.

"झावळी दे गो."

"आई, गुडघा..."

"गुडघा घरी ठेवून आलंय मी. तू पाठी बस!"

पोरांकडून झावळी घेऊन दोघी वर चढल्या आणि तिच्यावर बसल्या. भाविकानं सासूच्या कमरेला मिठी मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच. झावळी सुटली, गरकन फिरली, आणि दोघी उलट्या तोंडानं किंचाळत खाली येऊन एकमेकींवर कोसळल्या. वर सुरूचे शेंडे गोल फिरत होते. हसू आवरेना. एक थांबली की दुसरी सुरू.

"परत!" गुणाबाई म्हणाली.

त्या परत वर गेल्या, आणि पुन्हा परत. पोरांनी त्यांना रांगेत पुढं घेतलं. शेवटच्या खेपेला झावळी बनाबाहेर आली, आणि समोर अख्खा समुद्र!

मागून गाडीचा हॉर्न वाजला. भाविका वळली.

"वाजूंदे," गुणाबाई म्हणाली आणि भाविकाचा हात धरून पाण्याकडे पळत सुटली.