उष्टी बरणी

नद्यांवरून आगबोटींच्या सहली नुकत्याच निघू लागल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. साबणाच्या एका कारखान्याचे मालक घरच्यांना घेऊन अशाच एका बोटीवर चढले. बायको, लेक, जावई, पुतण्या आणि धाकटी बहीण. या बहिणीला सगळेच आत्या म्हणत. आत्यांची हयात इस्पितळात नर्स म्हणून गेली होती. पू, रक्त, उलट्या, कशाचीच त्यांनी कधी किळस केली नाही. सख्ख्या भावाचं खाणं मात्र त्यांना बघवत नसे.

मालकांना न्याहारीला मध लागे. त्याची बरणी ते घरून घेऊन आले होते. चमचा बुडवायचा, दोन्ही बाजूंनी चाटायचा, की परत बरणीत. मिशीवर ओघळलेला मध बोटानं निपटायचा आणि तेही बोट आत. वरचा मध त्यामुळे पातळ, फेसाळ झालेला असे आणि त्यात पावाचे भिजलेले तुकडे तरंगत. लेक तोंड फिरवून बसे. जावई वर्तमानपत्र आडवं धरी.

त्या बरणीला शिवणारा एकच, पुतण्या. त्याची आई गेल्यावर काकूनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. तिशी उलटली तरी घरात तो लाडोबाच. "काका, तुमच्या बरणीतल्या मधाची गोडीच न्यारी!" असं म्हणून तो तोच ओला चमचा तोंडात घाली आणि मिटक्या मारी. काका खूश होत. आत्या आपली ताटली दूर सारत. म्हातारा सवयीनं चाटत होता. हा ठरवून चाटत होता.

एका संध्याकाळी जेवताना मालकांनी सांगून टाकलं, "घरी पोचलो की वकिलाला बोलावतो. जुनं मृत्युपत्र फाडून कारखाना जावयाच्या नावावर करायचा. लाडोबाच्या हाती गेला तर वर्षभरात टाळं लागेल."

लाडोबाच आधी हसला. "काका म्हणतील ती पूर्व दिशा!"

दुसऱ्या दिवशी न्याहारी आटोपते न आटोपते तोच मालकांना उलट्या सुरू झाल्या. टेबल, गालिचा, शेजारी बसलेल्या लाडोबाचे पॉलिश केलेले बूट, सगळं भरलं. आत्यांनी भावाचं डोकं धरलं. लाडोबा नाक दाबून रुमालानं बूट पुसत राहिला. दुपारच्या आत मालक गेले.

बोटीवरच्या डॉक्टरांनी आत्यांना आणि कप्तानाला बाजूला घेतलं.

"हे विष आहे. बहुतेक उंदराचं औषध. पण पाव, अंडी, चहा तर सगळ्यांनीच घेतलं होतं."

"मध दादाशिवाय कोणी घेतला नव्हता," आत्या म्हणाल्या.

भटारखान्याजवळच्या खुराड्यातल्या एका कोंबडीला मधात बुडवलेला पाव घातला. थोड्या वेळानं ती मान टाकून पडली.

"बरणी जेवणघरातच असते. कोणीही घातलं असेल," कप्तान म्हणाला.

"कोणीही घातलं असेल, पण रोज त्यातलं खाणारा आज म्हणाला, पोट बरं नाही, मला कोरडा पाव द्या."

"पोट बिघडणं हा काही गुन्हा नाही, बाई."

"नाही ना. म्हणूनच एक करून बघू. तुम्ही फक्त दारात उभे राहा."

आत्यांनी ती बरणी डॉक्टरांच्या कपाटात कुलूपबंद केली. तसलीच दुसरी बरणी घेऊन तिच्यात भटारखान्यातला ताजा मध भरला आणि चहाच्या वेळी टेबलावर आणून ठेवली. शेजारच्या केबिनमध्ये प्रेत होतं, आणि जावई बिस्किटं मऊ पडल्याची तक्रार करत होता.

"दादाची बरणी आहे," आत्या म्हणाल्या. "त्याच्या आठवणीनं एकेक चमचा खाऊया."

"ई! आत्या, मला ओकारी येईल," लेक म्हणाली.

जावयानं नुसताच हात हलवला.

"माझं पोट अजून ठीक नाही," लाडोबा पुटपुटला.

वहिनी, म्हणजे मालकांची बायको, मात्र रडत रडत पुढे सरकल्या. "जन्मभर मी त्यांच्या या बरणीला नावं ठेवली," असं म्हणून त्यांनी चमचा भरला.

आत्यांची नजर लाडोबावरून हलली नाही. हा ओरडेल, काकूचा हात धरेल, निदान चमचा तरी उडवेल, असं त्यांना वाटलं होतं. खरं तर त्यांना तेच हवं होतं. वहिनींनी चमचा तोंडात घातला. लाडोबा गप्प. त्यांनी मध गिळला. लाडोबानं हळूच आपले बूट खुर्चीखाली ओढून घेतले आणि खुर्ची काकूपासून जराशी लांब सरकवली.

आत्यांना मळमळून आलं. एवढ्या वर्षांत इस्पितळात कधी आलं नव्हतं.

"पाय का आखडलेस?" त्यांनी विचारलं.

"कुठे काय?"

"वहिनींना उलटी होणार हे तुला कसं कळलं?"

लाडोबाचा चेहरा पांढराफटक पडला. कप्तानानं माणसं धाडून त्याच्या केबिनची झडती घेतली. उंदरांचा त्रास होतो म्हणून भटारखान्यातून त्यानं औषधाची पुडी मागून नेली होती. ती गादीखाली निघाली, अर्धी रिकामी. तेव्हा त्यानं गळा काढला.

"काकांनी मला वाऱ्यावर सोडलं असतं! आणि काकूंना मी थोडंच खा म्हणालो? त्यांनी आपणहून खाल्लं!"

"तो मध चांगला होता, वहिनी. भिऊ नका," आत्यांनी वहिनींचा हात घट्ट धरला.

पण वहिनींच्या मनात विषाची भीती नव्हतीच. "त्यानं मला खाऊ दिलं गं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

जावई कप्तानाला कोपऱ्यात घेऊन कुजबुजला, "घरातली गोष्ट घरातच राहिली तर बरं. साबणाचं नाव खराब होईल."

"तुम्ही बिस्किटं खा," आत्या एवढंच बोलल्या.

पुढच्या धक्क्यावर पोलीस चढले. लाडोबाला जन्मठेप झाली. कारखाना लेकीकडे गेला. साबणाच्या वेष्टनावरचा मालकांचा फोटो तेवढा तिनं काढून टाकला.

वहिनी मात्र वर्षानुवर्षं तुरुंगात त्याला भेटायला जात राहिल्या. कशासाठी, ते आत्यांनी कधी विचारलं नाही. आत्या फाटकापर्यंत वहिनींना हाताला धरून नेत, बाहेरच्या बाकावर बसून वाट बघत, आणि आत मात्र एकदाही गेल्या नाहीत.