तार कुठे गेली?

लेक फोटो स्टुडिओत रिटचिंग करायची. लोकांच्या तोंडावरचे डाग पुसायचे, टकलावर केस उगवायचे, आणि गिऱ्हाईक स्वतःवरच खूश होऊन घरी जायचं. बाबांना हा धंदा कधी पटला नाही. त्यांची अख्खी नोकरी दुकानदारांची वजनंमापं तपासण्यात गेलेली. सख्ख्या भावानं किलो म्हटलं तरी ते आधी काटा बघत.

त्या आठवड्यात सूर्य बुडाला की पश्चिमेला धूमकेतू दिसायचा. सगळी इमारत गच्चीवर लोटायची. बाबांचे गुडघे मात्र कामातून गेलेले, आणि इमारतीला लिफ्ट नाही. खिडकीतून त्यांना समोरच्या गच्चीवरची टाकी आणि तिच्यावरून गेलेली केबलची जाड तार, एवढंच दिसायचं.

"फोटो काढून आण," ते म्हणाले. "पण जसाच्या तसा. नाहीतर पाहिला न पाहिला सारखंच."

तिनं गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून कॅमेरा टेकवला आणि बरेच फोटो काढले. बाकीचे हलले, एक झकास आला. खाली येऊन तिनं तो जरा उजळला, सेव्ह केला आणि बाबांना बोलावलं.

बाबांनी चष्मा चढवला. शेपूट पाहिली, मग नजर खाली समोरच्या टाकीवर आली.

"तार कुठे गेली?"

"कुठली तार?"

"टाकीवरची. रोज कावळा बसतो तिच्यावर."

तिनं पाहिलं. तार नव्हती. हातानं सवयीनं पुसून टाकली होती, आणि सवयीनंच मूळ फोटोवर सेव्हही केलं होतं.

"तार तेवढी पुसली, बाबा. धूमकेतू खरा आहे."

"तार पुसणारी शेपूट रंगवणार नाही कशावरून?"

तिला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. गिऱ्हाइकांशी खोटं बोलायचे पैसे मिळतात. घरात फुकट खोटं ठरायचं म्हणजे अतीच झालं.

पुढे दोन दिवस ढग. तिसऱ्या संध्याकाळी आभाळ मोकळं झालं. ती कॅमेरा घेऊन निघाली, तर बाबा दाराशी काठी घेऊन, चपला घालून तयार.

"चल. काटा मीच बघतो."

प्रत्येक वळणावर बसत, जिना बांधणाऱ्याचा उद्धार करत ते वर पोचले. तिनं बोट दाखवलं तिकडे चष्मा सावरून पाहिलं.

"एवढासाच?"

"कॅमेरा जास्त उजेड गोळा करतो."

"हं. पण आहे." मग ते हसले. "मापात मारणारे खूप पाहिले. माप वाढवून देणारी तू पहिलीच."

तीही हसली.

"आता माझा काढ. मागे तो येऊ दे. आणि कशालाही हात लावायचा नाही."

जिन्यातल्या दिव्याचा उजेड सरळ त्यांच्या तोंडावर पडला होता. घरी येऊन तिनं फोटो मोठा केला. धूमकेतू कोपऱ्यात फिकट आला होता. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. गाल आत गेलेले, चढून आल्यानं तोंड अर्धवट उघडं, डोळ्यांत थकवा. हजारो परक्यांचे चेहरे तिनं इतक्या जवळून पाहिले होते, हा कधीच नाही. बाबा इतके थकलेत हे तिला माहीत नव्हतं. ती घाबरली. हात माउसकडे गेला, तिनं तो मागे घेतला.

"कसा आलाय?" आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं.

"आहात तसे," ती म्हणाली, आणि कशालाही हात न लावता फोटो बंद केला.