शेजारी चिक्की ठेवा

“डावी बाजू जरा वर घे,” यशोधराबाई म्हणाल्या आणि स्टुलावर चढलेल्या रुचिरने बोर्ड डावीकडून उचलला. लोहगडवाडीच्या शाळेच्या ओसरीत बोर्ड आता सरळ बसला. वर मोठ्या अक्षरांत ‘आपल्या वाडीचे किडे आणि कोळी’, खाली वाडीतल्याच माणसांनी मोबाईलवर काढलेले फोटो, प्रत्येकाखाली त्या जिवाचं नाव. आणि अगदी शेवटी, ठळक अक्षरांत, ‘ओळख पटवली : यशोधरा गायकवाड, तळेगाव दाभाडे’.

“कसं दिसतंय, आई?” रुचिरने विचारलं. बोर्ड त्याने हौसेने स्वतः छापून आणला होता.

“छान,” त्या म्हणाल्या.

आपलं नाव असं छापलेलं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. सगळी नोकरी तळेगावातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढण्यात गेली. मोडलेलं हाड सगळ्यांत आधी त्यांना दिसायचं. “मोडलंय का हो ताई?” पेशंट कळवळून विचारायचा आणि त्या ठरलेलं उत्तर द्यायच्या, “डॉक्टर सांगतील.” नियमच तसा होता आणि तो योग्यही होता. पण दिसतंय आणि बोलायचं नाही, यासारखा दुसरा छळ नाही.

निवृत्तीनंतर सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एका किड्याचा फोटो टाकला. बाईंनी पुस्तकं धुंडाळून त्याचं नाव सांगितलं आणि तोंडाचं कुलूप एकदाचं निघालं. मग मावळभरातून फोटो यायला लागले. हललेले, अंधारे, किड्यापेक्षा अंगठाच जास्त दिसणारे. वलवणच्या एका गृहस्थांनी विंचू म्हणून पाठवलेला ऐवज तर आल्याचा तुकडा निघाला! बाई कुणाला हसल्या नाहीत. म्हणजे फोनवर हसल्या नाहीत.

फोटोवरून आकार मात्र कळत नसे. एक्स-रे काढताना उजवा हात की डावा हे कळावं म्हणून त्या शेजारी शिशाचं अक्षर ठेवायच्या. इथेही तशी काहीतरी खूण हवी होती. “शेजारी चिक्कीची वडी ठेवा,” असा त्यांनी फतवा काढला. लोणावळ्याच्या आसपास चिक्की नाही असं घर शोधून सापडायचं नाही. लोक त्यांना ‘चिक्कीवाल्या बाई’ म्हणायला लागले आणि हे नाव त्यांना मनापासून आवडलं.

बोर्डाच्या मधोमध सगळ्यांत मोठा फोटो सरूबाईंचा होता. सरूबाई गडाच्या पायथ्याला पिठलं-भाकरी आणि ताक विकतात. चिक्कीच्या वडीवर लाल मुंगळ्यांची झुंबड आणि सर्वांत पुढे एक ठसठशीत मुंगळा. खाली छापलं होतं, ‘लाल मुंगळा’.

यशोधराबाईंनी चष्मा पुसला आणि कौतुकाने त्या जवळ गेल्या. मोबाईलवर नखाएवढा दिसलेला तो जीव इथे तळहाताएवढा झाला होता. त्या बघत राहिल्या. मुंगीची मिशी मध्येच कोपरातून वाकते. याच्या मिशा वाकलेल्या नव्हत्या. त्यांनी पाय मोजले. पुन्हा मोजले. मिशा नव्हत्याच त्या, पुढचे दोन पाय वर धरले होते. एकूण आठ.

“रुचिर,” त्या हळूच म्हणाल्या, “हा मुंगळा नाहीये. कोळी आहे. मुंगळ्यासारखा दिसणारा कोळी.”

चिक्कीला मुंगळे लागले होते, त्यांच्यात हा बेमालूम मिसळला होता. गर्दी मुंगळ्यांची, म्हणून हाही मुंगळा असं धरून त्या मोकळ्या झाल्या होत्या. चिक्की ठेवायला सांगणाऱ्याही त्याच.

रुचिरने ओसरीबाहेर पाहिलं. माणसं जमत होती. गुरुजी नारळ घेऊन येत होते.

“आई, कुणाच्याही लक्षात येणार नाही. आजचा दिवस जाऊ दे. पुढच्या आठवड्यात गुपचूप नवा छापून लावतो. तुझ्या नावाचा पहिला बोर्ड आहे गं हा.”

त्याचंही खरं होतं. क्षणभर बाईंना वाटलं, लेकाचं ऐकावं. इतक्या वर्षांनी आलेलं नाव, त्याला पहिल्याच दिवशी डाग कशाला? मग त्यांची नजर पुन्हा त्या ठळक अक्षरांवर गेली.

“‘डॉक्टर सांगतील’ म्हणायला इथे डॉक्टर नाहीत रे,” त्या म्हणाल्या. “खाली नाव माझं आहे. मलाच सांगायला हवं.”

गुरुजींनी नारळ फोडला, टाळ्या झाल्या, बाईंना बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या. आडवळण न घेता त्यांनी सांगितलं, “मधल्या फोटोखालचं नाव चुकलंय. चूक माझी आहे.” मग सगळ्यांना जवळ बोलावून पाय मोजायला लावले.

सरूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजी माजा फोटू चुकला व्हय, बाई?”

“फोटो बरोबर आहे, मावशी. मी चुकले. असला कोळी आजवर मला कुणीच पाठवला नव्हता. तुम्ही पहिल्या.”

“आगं बया!” सरूबाई म्हणाल्या आणि पदर सावरून फोटोशेजारी ताठ उभ्या राहिल्या.

यशोधराबाईंच्या पर्समध्ये दवाखान्यातल्या सवयीने पांढरी चिकटपट्टी असतेच. तिचा तुकडा त्यांनी छापील नावावर लावला आणि पेनाने लिहिलं, ‘मुंगळ्यासारखा दिसणारा कोळी. आधीची ओळख चुकली होती. य. गायकवाड.’ परतताना गाडीत रुचिर म्हणाला, “आई, मला नसतं जमलं.”

दिवाळीनंतर नवा बोर्ड छापून दोघं पुन्हा वाडीत गेले. शाळेच्या ओसरीत सात-आठ ट्रेकर उभे होते. त्यांच्यापुढे सरूबाई, हातात पिठाची परात तशीच. मायलेक मागेच थांबले.

“हात न्हाई लावायचा. आदी पाय मोजा. किती? आठ ना? मंग ह्यो कोळी. फोटू म्या काढलाय.”

“आणि ही पट्टी कसली, मावशी?” एका मुलीने विचारलं.

“ती आमच्या बाईंची. लय हुशार बाई. हितं चुकल्या व्हत्या, तर सगळ्या वाडीम्होरं त्यांनी सोताच सांगितलं.”

रुचिरने काखेतला नवा बोर्ड परत गाडीत नेऊन ठेवला. ओसरीत पट्टीचा एक कोपरा पावसाळ्यातल्या ओलीने सुटला होता. सरूबाईंनी परात खाली ठेवली, पिठाने माखलेला अंगठा पदराला पुसला आणि तो कोपरा नीट दाबून बसवला.