नेटाच्या पाच चुण्या

"उसव," नेटा म्हणाली.

मी मान वर केली नाही. चौदावी चुणी होती आणि तिच्यावर माझा सगळा रविवार गेला होता.

"कुठं चुकलं ते तरी दाखव."

तिने डाव्या हाताचा अंगठा चुणीवरून खालून वर फिरवला आणि नाक मुरडलं. "उसव."

"अगं, पिवळी रेघ पिवळ्या रेघेला लागलीय, दोरा कुठं दिसत नाही. आणखी काय पाहिजे तुला? पाद्रीबुवांना बोलावून आशीर्वाद द्यायला लावू?"

"उसव."

मी सुई टेबलात खुपसली, मागच्या अंगणात गेलो आणि कोळशाच्या जुन्या पेटीला लाथ घातली. शेजारच्या बाईने पडदा सरकवून पाहिलं. बघू दे. आत येऊन मी चौदावी चुणी उसवली.

जानेवारीत झटका आला तेव्हा नेटाचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. मार्चमध्ये तीन शब्द परत आले. एक 'नाही'. एक शिवी, जी माझ्यासमोर तिने जन्मात कधी उच्चारली नव्हती. आणि तिसरा 'उसव'. माझं नाव आलं नाही, मुलीचंही आलं नाही. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईंना याचं फार नवल वाटलं. मला वाटलं नाही. चौतीस वर्षं मी आमच्या स्वयंपाकघरात हाच शब्द ऐकत आलोय. याच टेबलाशी बसून ती दुकानासाठी किल्ट, म्हणजे आमच्या स्कॉटिश पुरुषांचे चुणीदार घागरे, शिवायची, आणि दिवसातून चार वेळा स्वतःलाच म्हणायची, "उसव, नेटा."

आमच्या फॉरफर गावात आणि आसपास ज्यांच्या अंगावर हातशिलाईचा किल्ट आहे, त्यांतल्या निम्म्यांच्या पाठीवर माझ्या बायकोचे टाके आहेत. बँडवाले, नवरदेव, कॅनडाहून मोजमापं पाठवणारे कुणीकुणी. आत अस्तरावर नाव मात्र दुकानाचं. आणि माझ्या अंगावर? काही नाही. माझा किल्ट कायम पुढच्या हिवाळ्यात व्हायचा. आमचं लग्न झालं तेव्हा मी भावाचा मागून घातला होता, आणि तो मला दोन बोटं आखूड होता.

मग कर्स्टीचं, आमच्या मुलीचं, लग्न ठरलं. नेटाने गेल्या नाताळात आठ वार चौकड्यांचं कापड आणलं, गर्द हिरवं आणि त्यात पिवळी रेघ. म्हणाली, "पोरीला हात धरून चर्चमध्ये घेऊन जाशील तेव्हा सगळं गाव तुझी पाठ बघणार आहे. दुसऱ्या कुणाचं शिवलेलं मी तुला घालू देणार नाही." पाच चुण्या झाल्या आणि सहाव्या चुणीत सुई अडकलेली असतानाच ती खुर्चीतून खाली घसरली.

राहिलेलं मी शिवायला घेतलं. मी, म्हणजे बसच्या डेपोत एकतीस वर्षं इंजिनं खोललेला माणूस. माझ्या बोटात तिचं अंगुस्तान नखापर्यंतसुद्धा जात नाही.

एप्रिलमध्ये दुकानाचा मालक कॉलिन बिस्किटांचा डबा घेऊन आला. नेटा समोर खुर्चीत बसलेली, आणि हा मला विचारतो, "जेवते का व्यवस्थित?"

"तिलाच विचार," मी म्हणालो.

त्याने तिला विचारलं नाही. टेबलावरचं कापड मात्र उचलून पाहिलं. तोवर माझ्या तीन चुण्या झाल्या होत्या. तो हसला. "राहू दे हे. तिच्या पाच आहेतच, बाकीचं माझ्या मुली मशीनवर दोन दिवसांत उरकतील. लांबून कुणाला फरक कळतोय?"

नेटाने तिची शिवी घातली. इतकी स्वच्छ, इतकी खणखणीत, की तिच्या तोंडून झटक्यानंतर एवढं स्पष्ट काही निघालंच नव्हतं. कॉलिनचा चेहरा पडला.

"ऐकलंस ना? आता निघ," मी म्हणालो.

दारात तो कुजबुजला, "तुझं मन दुखवायचं नव्हतं रे. पण तिच्या हाताची गोष्टच वेगळी. चौतीस वर्षांत तिचा एक किल्ट परत आला नाही माझ्याकडे. एकसुद्धा."

मला ते माहीत होतं. म्हणून तर तिच्या पाच चुण्या मला बायबलसारख्या होत्या. माझी प्रत्येक चुणी मी त्यांच्याशी ताडून घ्यायचो. किल्टला मागे सत्तावीस चुण्या. प्रत्येक चुणीवर चौकड्यांचा पुढचा तुकडा असा बसवायचा की पाठीवर चौकडा अखंड दिसला पाहिजे. एक चुणी केसभर तिरकी गेली की तिच्यावर बेतलेल्या पुढच्या सगळ्या तिरक्या जातात. आणि खाली दुमडून शिवायची सोय नाही. कापडाचा मूळ काठच खाली येतो, त्यामुळे चूक लपवायला जागाच नसते.

लग्नाला एकोणीस दिवस उरले असताना एकवीस चुण्या झाल्या. दुपारी नेटा झोपली होती. कर्स्टी ब्रायड्या, आमच्याकडच्या खिम्याच्या करंज्या, घेऊन आली, तेव्हा मी किल्ट दाराला अडकवून लांब उभा राहून बघत होतो. उगाच नाही सांगत, छाती फुगली होती माझी.

कर्स्टीने खाता खाता मान वाकडी केली. "बाबा, दार वाकडं आहे का रे आपलं?"

"दार मी बसवलंय. दार सरळ आहे."

"मग किल्ट वाकडा आहे."

पिवळी रेघ डावीकडून उजवीकडे जाताना उतरत होती. पहिल्या चुणीपासून एकविसाव्यापर्यंत चांगलं बोटभर. माझ्या तोंडून काय काय निघालं ते लिहीत नाही. चार महिने! बोटांची चाळण झाली, एकेक चुणी चार-चारदा उसवली, आणि फळ काय, तर पोरीच्या लग्नात उतरणीला लागलेलं ढुंगण.

"ओरडू नकोस, आई उठेल," कर्स्टी म्हणाली. "कुठून बिघडलंय ते बघ आधी."

इंजिनाचा आवाज जिथून येतो तिथं दोष नसतो, एवढं मला कळतं. मी कापड टेबलावर पसरलं, फूटपट्टी घेतली आणि एकविसाव्यापासून मागे येत गेलो. पंधरा. दहा. सहा. माझ्या चुण्या आपापसात बरोबर होत्या. जिला धरून त्या बेतल्या होत्या, ती पाचवीच तिरकी होती. चौथी तिच्याहून कमी. तिसरी आणखी कमी. दुसरीची घडी कापडाच्या धाग्यावरून जेमतेम केसभर ढळली होती.

"पण या तर आईच्या आहेत," कर्स्टी म्हणाली.

मी खुर्चीत बसलो. जानेवारीतला तो आठवडा माझ्यासमोर आला. नेटा म्हणाली होती, "हात कसासाच होतोय रे. सुई निसटतेय बोटांतून." आणि मी फुटबॉलची मॅच बघत म्हणालो होतो, "दिवा लाव मोठा." बस्स. एवढंच बोललो होतो मी. चौतीस वर्षांत जिची घडी कधी ढळली नाही तिची ढळत होती, चुणीगणिक जास्त ढळत होती, माझ्या डोळ्यांसमोर ढळत होती. बसच्या इंजिनाने एवढी कुरकुर केली असती तर मी रात्रीतून खोलून बसलो असतो. मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"तिला सांगायचं नाही," मी म्हणालो. "माझंच चुकलं म्हणायचं. तिच्या पाच तशाच राहतील. त्यांना कात्री लागणार नाही."

"मग मागून वाकडं दिसेल की."

"दिसू दे! आणि तू पण मला नियम शिकवू नकोस."

आतून काठी आपटल्याचा आवाज आला. नेटा दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. कर्स्टी तिला धरायला धावली, तिने तिचा हात झटकला आणि पाय ओढत टेबलाशी येऊन बसली. मी कापडावर हात ठेवला. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि मी तो उचलला.

तिने कापड उलटून पाहिलं नाही, डोळे बारीक केले नाहीत. नुसता अंगठा ठेवला. एकवीस, वीस, एकोणीस. माझ्या चुण्यांवरून ती भरभर आली. पाचवीवर आली आणि थांबली. चौथी. तिसरी. दुसरीवर अंगठा बराच वेळ राहिला. पुन्हा पाचवीवर गेली, पुन्हा दुसरीवर आली.

"माझंच चुकलं, नेटा," मी म्हणालो. "माझा हात जड आहे, माझ्या ओढीने सगळं कापड..."

"नाही."

ती माझ्याकडे बघत होती. तिचा अर्धा चेहरा हलत नाही, पण उरलेल्या अर्ध्यावर सगळं कळल्याचं दिसत होतं.

"उसव," ती म्हणाली.

"नाही उसवणार."

"उसव!"

"नाही!" आता माझाही तोल गेला. "माझ्या सोळा उसव, शंभरदा उसव, चकार शब्द काढणार नाही. पण या नाही. अगं, तुझे हे शेवटचे टाके आहेत, कळतंय का तुला? यानंतर तू कधी शिवणार नाहीस! कॉलिनच्या गिऱ्हाइकांकडे हजारो आहेत तुझे टाके, माझ्याकडे हे एवढेच आहेत. वाकडे तर वाकडे. वाकडेच घालेन मी. बोलू दे गावाला काय बोलायचं ते!"

कर्स्टी रडायला लागली. नेटा रडली नाही. तिने डावा हात लांब करून छोटी कात्री घेतली, पाचव्या चुणीशी नेली आणि टोक घसरून कापडावर टेकलं. डाव्या हाताला ती कात्री कधी शिकलीच नव्हती. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा तिने तिची शिवी घातली.

माझा राग उतरला नव्हता. तो अजूनही उतरलेला नाही. पण तिच्या हाताने कापड फाटलं असतं, आणि ते मला बघवलं नसतं. मी चुणी दोन्ही हातांनी ताणून धरली. ती टोक आत घालायची, एक टाका कापायची, मी दोरा ओढायचो. तिचे टाके इतके बारीक होते की माझ्या जाड नखांत धरवत नव्हते. पाच चुण्यांना तास लागला. हिरव्या दोऱ्यांचा एवढासा पुंजका टेबलावर जमला. मी तो खिशात टाकायला गेलो, तर तिने माझ्याआधी गोळा करून चहाच्या भिजक्या पिशव्यांसोबत कचऱ्यात टाकला.

मग माझ्या सोळाही उसवल्या. त्याचं मला काहीच वाटलं नाही.

कापड सपाट पसरल्यावर ओळीने भोकं दिसत होती. माझी मोठी आणि वेडीवाकडी, तिची बारीक. लोकरीच्या कापडावर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली की भोकं बुजतात, हे तिनेच मला शिकवलंय. मी इस्त्री तापवली आणि माझी भोकं बुजवली. तिच्या जागेशी आल्यावर माझा हात पुढे जाईना.

नेटाने इस्त्री माझ्या हातातून घेतली. जड होती, डाव्या हाताला पेलत नव्हती. कर्स्टी पुढे झाली, मी तिला डोळ्यांनीच थांबवलं. फडक्यातून वाफ आली, ओल्या लोकरीचा वास सुटला. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. फडकं उचललं, अंगठा फिरवून पाहिला, आणि पुन्हा ठेवलं. चौथ्यांदा फडकं उचललं तेव्हा तिथे काहीच नव्हतं. नुसतं हिरवं कापड आणि त्यात सरळ जाणारी पिवळी रेघ.

तिने कापड माझ्याकडे सरकवलं. तिचे ओठ काहीतरी जुळवायला लागले. किती वेळ लागला कुणास ठाऊक.

"शिव," ती म्हणाली.

झटक्यानंतरचा तिचा चौथा शब्द. कर्स्टीने तोंडावर हात ठेवला. मी सुईत दोरा ओवला, तिच्यासमोर बसलो आणि पहिली चुणी धागा न् धागा मोजून, खालून वर, आयुष्यात शिवली नसेल इतकी नीट शिवली. गाठ मारली आणि कापड तिच्यापुढे ठेवलं.

तिने अंगठा फिरवला.

"उसव," ती म्हणाली.