उन्हाचं सोंग घेणारा दिवा

मी एक जुना दिवा आहे. घर उजळणारा नव्हे. पाऱ्याच्या वाफेचा, उन्हाचं सोंग घेणारा. मित्रांनो, १९८८ साली डोंबिवलीच्या एका लहान कारखान्यात मी आलो. तिथे उन्हापासून जपणारं क्रीम बनत असे.

कामगार पाठीवर क्रीम लावून माझ्यासमोर बसत. क्रीमखालची कातडी लाल व्हायला उघड्या कातडीच्या किती पट वेळ लागतो, तो आकडा बाटलीवर छापला जाई. पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत. बसणारी माणसं नेहमीचीच, म्हणून उघड्या कातडीचा वेळ पुन्हा कोणी घेतला नाही. मी नवा असताना मोजलेला वेळच सगळे धरत राहिले.

वर्षं गेली. माझा निळसर उजेड तसाच दिसे, पण कातडी भाजणारे अदृश्य किरण मंदावत होते. क्रीम तेच, आकडा मात्र फुगला. आठाचा पंधरा झाला. मालक काळुरामशेठनी पेढे वाटले.

बाटल्या भरणाऱ्या सगुणाच्या हातांवर कोडाचे डाग होते. ते उन्हात पोळत, म्हणून ठाण्याच्या खाडीकाठी जवळा सुकवायला तिची आई एकटीच राबे. पंधराचा आकडा पाहून सगुणा रविवारी क्रीम लावून आईच्या मदतीला गेली. सोमवारी फोडांनी भरलेले हात घेऊन ती रसायनतज्ज्ञ मंजुळाताईंसमोर उभी राहिली.

“ताई, तुमचा पंधरा नंबर कंच्या गावाला गेला?”

“नीट लावलं होतंस ना गं?”

“थापलं व्हतं! आई बोलली, भूत दिसतंस.”

मंजुळाताईंनी बाही वर सारली आणि काही न लावता हात माझ्यासमोर धरला. नवा असताना याच हाताला मी चटकन लाल केलं होतं. आता दीडपट वेळ गेला, तरी हात तसाच.

“शेठ, आपला सूर्यच मावळलाय. आकडा खोटा आहे.”

“अहो ताई, लेबलं छापून आलीत! उद्या गाडी निघायचीये!”

“आधी हिचे हात बघा. मग सोडा गाडी.”

शेठनी पाहिलं. गाडी निघाली नाही.

नवा दिवा आला. आता दर चाचणीत आधी उघडी कातडी, मग क्रीम. आकडा आठ निघाला, आठच छापला. सगुणा तेच क्रीम पुन्हा पुन्हा लावते, वर लांब बाह्या घालते आणि आईसोबत खाडीवर जाते.

मित्रांनो, बाटलीवरचा आकडा कशाने मोजला, हे विचारत जा. माझ्यासारखा दिवा दिसायला उजळ आहे म्हणून त्याच्यावर विसंबू नका, त्यालाही तपासा.

मी आता फळीवर असतो. सगुणा येता-जाता माझी काच पुसते. तिच्या हातांवर एकही फोड नसतो.