तुळसीअक्कांचं मत

“नाही अक्का, तुमचं नाव यात नाही.”

बदरीनाथने यादी तिसऱ्यांदा वरून खाली पाहिली. शाळेच्या पटांगणातल्या मांडवाखाली त्याचं टेबल होतं. आलेल्या मतदाराला यादीतला क्रमांक शोधून द्यायचा, एवढंच त्याचं आजचं काम. समोर तुळसीअक्का छत्री मिटून उभ्या होत्या. वय शहात्तर, नेसूचं लुगडं खास आजच्यासाठी काढलेलं. कुंभकोणमचं एप्रिलचं ऊन सकाळी नऊलाच डोकं तापवतं, म्हणून म्हाताऱ्यांनी लवकर येऊन जावं, असं त्यानेच घरोघर सांगितलं होतं.

“कार्ड आहे की हें,” अक्का म्हणाल्या. “नीट पाहा, सार. श्रीलक्ष्मीअक्काचं निघालं, माझं कसं निघत नाही? एकच घर आमचं.”

त्यांची जाऊ श्रीलक्ष्मी तेवढ्यात मत देऊन बाहेर आली. बदरीनाथने आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. बायका दोन होत्या.

बदरीनाथ सरकारी शाळेत राज्यशास्त्र शिकवायचा, म्हणून सगळ्यांचा ‘सार’. एकतीस वर्षं. घरी तंजावरी मराठी, वर्गात तमिळ. “राज्याचं पहिलं कर्तव्य कोणतं?” असं तो दरवर्षी विचारायचा, मुलं एका सुरात ‘संरक्षण’ म्हणायची, आणि मग तो खडू खाली ठेवून म्हणायचा, “कोणाचं? आधी माणूस आहे हे राज्याला ठाऊक हवं. ज्याची नोंदच नाही त्याला हक्क द्यायचा कसा?” या वाक्यावर तो मनातून खूश होता. मुलंही ते परीक्षेत लिहून गुण मिळवत.

याद्यांच्या तपासणीचं काम शिक्षकांच्याच गळ्यात पडतं. गेल्या नोव्हेंबरात त्याच्या वाट्याला नऊशे नावं आली होती. त्यात एका घरात दोन ओळी सापडल्या: श्रीलक्ष्मी, पती नरसिंहराव. तुळसी, पती नरसिंहराव. वयात दोन वर्षांचा फरक. एखादा तमिळ मास्तर असता तर बुचकळ्यात पडला असता आणि शेजारी चौकशी करून आला असता. बदरीनाथला चौकशीची गरज वाटली नाही. आपल्या मराठी घरांत लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे त्याला पाठ होतं. तुळसी हे माहेरचं, श्रीलक्ष्मी सासरचं. बाई एकच, नोंदी दोन. तो घरी गेला तेव्हा दाराला कुलूप होतं. दोघी जावा तिरुविसनल्लूरच्या मठात उत्सवाला, भाज्या चिरायला गेल्या होत्या. तीनदा जायचा नियम. तो दोनदा गेला. दुसऱ्यांदा त्याने नोटीस कडीला अडकवली, ती वाऱ्याने कुठे गेली कोण जाणे, आणि एका ओळीपुढे लिहिलं: दुबार.

आपण किती हुशार, असंही तेव्हा त्याला वाटून गेलं होतं.

“अक्का,” त्याने आता विचारलं, “यजमानांचं नाव काय तुमच्या?”

नवऱ्याचं नाव घ्यायला तुळसीअक्का संकोचल्या. श्रीलक्ष्मीच बोलली. “दोघांचंही नरसिंहराव, सार. चुलतभाऊ दोघे. आजोबांचं नांव पहिल्या नातवास ठेवायचं ना? दोघा भावांनी ठेवलं. घरांत थोरला नरसिंह, धाकटा नरसिंह. आतां दोघेही नाहींत.”

“आणि तुमचं नाव लग्नात बदललं नाही?”

“सासूबाई नक्को म्हणाल्या,” तुळसीअक्का म्हणाल्या. “तुळसीस दुसरं नांव कशास, म्हणाल्या.”

आतली मतदान अधिकारी शिवरंजनी बाहेर आली. तिने कार्ड पाहिलं, यादी पाहिली आणि तमिळमध्ये हळहळून म्हणाली, “कंप्युटरमध्ये काहीतरी झालं असेल, आजी. यादीत नाव नसलं तर आज काही करता येत नाही.”

बदरीनाथला गप्प राहता आलं असतं. कंप्युटरवर कोणी रागावत नाही. त्याच्या निवृत्तीला दीड महिना उरला होता आणि लेखी तक्रार गेली असती तर निरोपसमारंभाऐवजी मेमो मिळाला असता. शिवरंजनी आत गेली. रांग दोन माणसं पुढे सरकली.

“सरि, असूं दे,” तुळसीअक्का म्हणाल्या आणि कार्ड पिशवीत ठेवू लागल्या. मग थांबल्या. “एकविसाव्या वर्षापासून एक चुकलं नाही, सार. कोणास दिलं, तें ह्यांससुद्धां कधी सांगितलं नाही. आणि एथे आंत ते नांव मोठ्यानं वाचतात ना, तें मज फार आवडतं. घरांत मी धाकट्या नरसिंहाची बायको, मग शिवप्रसादाची आई. तुळसी म्हणून मज एथेच कोणी हाक मारतं.”

बदरीनाथला ते ऐकवलं नाही. तो खुर्चीवरून उठला.

“कंप्युटरने नाही, अक्का. मी खोडलं. तुम्ही दोघी एकच, असं मीच ठरवलं. कुलूप बघून परत गेलो. विचारलं नाही.”

तुळसीअक्कांना राग यायला जरा वेळ लागला.

“तुम्ही आपल्यांतले ना, सार?” त्या म्हणाल्या. “परक्यानं विचारलं असतं.”

त्याने बॅगेतून नाव नोंदवायचा नवा अर्ज काढला आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. अक्का बसल्या. तो उभ्यानेच टेबलावर वाकला.

“तक्रार करायची तर कागद मी देतो,” तो म्हणाला. “पण आधी हे भरू. नाव?”

“आतां ठावकं आहे ना तुम्हांस?”

“ठाऊक आहे. तरी विचारायचं असतं.”

अक्कांनी पदर सारखा केला. “तुळसी,” त्या म्हणाल्या, रांगेतल्या दोघातिघांनी वळून पाहावं इतक्या मोठ्यानं.

त्याने लिहिलं. पतीचं नाव विचारलं. तेही, एकदा श्रीलक्ष्मीकडे बघून, त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. जन्मतारीख विचारली, घर क्रमांक विचारला, जो त्याच्यासमोर छापलेलाच होता. सही झाल्यावर पोचपावती फाडून दिली.

“पुढचं इलेक्शन कधीं?”

“महापालिकेचं असेल. तारीख अजून नाही.”

“म्हणजे तोंवर मज जिवंत राहिलं पायजे,” तुळसीअक्का म्हणाल्या आणि पावतीची घडी कार्डाच्या आत घातली. तक्रारीचा कागद त्यांनी मागितला नाही. तो त्याने नंतर स्वतःच लिहिला, स्वतःविरुद्ध, स्वतःच्या नावाने.

दोघी फाटकाकडे निघाल्या. छत्री तुळसीअक्कांनी धरली होती, दोघींवर. श्रीलक्ष्मीने आपलं शाईचं बोट पदरात गुंडाळून घेतलं होतं, आणि रस्ता ओलांडेपर्यंत ते तिने बाहेर काढलं नाही.