नानीबाईने सांभाळलेले कागद

माझं नाव जहीर. मी पत्र्याच्या पेट्या बनवतो. आमचं गाव अक्कलकुव्याच्या अलीकडे, हायवेला लागून. रस्त्याच्या एका बाजूला माझं दुकान आणि बरोबर समोर खालची फळी. फळी म्हणजे भिलांची तेवीस घरं. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे शेणाने सारवलेले ओटे. होती, असं म्हणायला पाहिजे. जीभ अजून वळत नाही.

फळी नानीबाईने घालवली, असं सगळं गाव म्हणायचं. दुकानात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा पेटीवर टिचक्या मारता मारता हे मला ऐकवून जायचं. मी मान हलवायचो आणि हातोडी चालवायचो. हातोडीच्या आवाजात बोलावं लागत नाही, हा या धंद्याचा एक फायदाच आहे.

दिवाळी झाली की फळी ऊस तोडायला गुजरातेत जायची, ती होळीला परत. मागे राहायची एकटी नानीबाई. तिचा गुडघा वाकत नव्हता, त्यामुळे मुलगा गोवाल आणि सून सुनिता तिला घरीच ठेवून जायचे. निघताना प्रत्येक घर आपल्या कुलपाची किल्ली तिच्याकडे द्यायचं, किल्लीला घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधून. नानीबाईला अक्षर कळत नव्हतं, पण चिंधी कळायची. निळी धनुबाईची, हिरव्या काठाची बेबीबाईची, आणि कधी एकीची दुसऱ्याला गेली नाही.

एका वर्षी धनुबाई तिच्याकडे एक कोंबडी ठेवून गेली. होळीला परत आली तेव्हा नानीबाईने तिला कोंबडी दिली, कोंबडीची अकरा पिल्लं दिली, आणि बारावं मुंगसाने नेलं त्याची उरलेली पिसं कागदाच्या पुडीत बांधून ठेवली होती, तीही दिली. आम्ही तिला त्यावरून कितीतरी दिवस चिडवलं. ती हसायची आणि म्हणायची, ज्याचं त्याला गेलं पाहिजे.

किल्ल्या ठेवायची तिची पेटी माझ्याच हातची. तिची कडी जरा जास्त घट्ट बसली होती. उघडताना कडाक् असा आवाज यायचा. चोर आला तर तुला ऐकू येईल म्हणून मुद्दाम तशी केली, असं मी तिला सांगितलं होतं. खरं म्हणजे कडी माझ्याकडून चुकली होती. तिला मात्र तो आवाज फार आवडायचा.

रस्ता चौपदरी होणार हे सगळ्यांना माहीत होतं. कधी होणार ते कोणालाच नाही. मोजणीवाले येऊन दगडांवर पिवळ्या खुणा करून गेले, त्याला दोन पावसाळे झाले होते. माझ्या दुकानामागे नाला आहे, म्हणून लागेल ती जागा समोरच्या बाजूने घेणार, असं मी चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. ऐकून मला बरं वाटलं होतं. लिहितोच आहे तर हेही लिहितो.

गेल्याच्या गेल्या वर्षी, जानेवारीतली दुपार. फळी ओस होती. नानीबाई लंगडत रस्ता ओलांडून दुकानाशी आली.

"जहीरभाऊ, बकऱ्या दारवरला कागद खाई ऱ्हायन्यात. खळना वास येस त्यासले."

"कोठला कागद?"

"सगळा घरसवर चिकाडेल शे. कोन चिकाडी गयं, माले माहीत नही. मी लाकडं लेवाले गयथू."

तिने एक कागद माझ्यापुढे धरला. लग्नसराईचे दिवस. शहाद्याच्या व्यापाऱ्याला संध्याकाळपर्यंत पाच पेट्या द्यायच्या होत्या, आणि माझ्या एका हातात कातर, दुसऱ्या हातात पत्रा. वर सिंह दिसले, खाली गोल शिक्का दिसला. मी दहावीपर्यंत शिकलो आहे. मराठी वाचता येत नाही, असं मला म्हणता येणार नाही.

"सरकारी कागद शे," मी म्हटलं. "सांभायी ठेव. होयीले येतीन तवय देजो."

"घरमा उंदीर शेतस."

"मंग पेटीमा ठेव."

ती खूश होऊन गेली. कोणीतरी आपल्याला काम सांगितलं की तिला आनंद व्हायचा. मग दुपारभर मी पत्रा कापत तिला बघत होतो. प्रत्येक दारावर ओला फडका फिरवून ती कागद हळूच सोडवत होती, फाटू नये म्हणून. ज्या घरचा कागद त्याच घरच्या ओट्यावर उन्हात वाळत घालत होती, वर एकेक खडा. वाळल्यावर घडी करून त्या त्या घरच्या चिंधीत, किल्लीजवळ बांधला. तेवीस दारं कोरी झाली.

होळीच्या चार दिवस आधी ट्रक आले. दरवर्षीसारखी नानीबाई पेटी घेऊन ओट्यावर बसली. चिंधी सोडून ठेवली, किल्ली दिली, कागद दिला. गोवालने कागद राजेंद्र सरांकडे नेला. सर आमच्या शाळेतून निवृत्त झालेले, गावातले सगळे अर्ज तेच लिहून देतात. सरांनी चष्मा लावून वाचलं, मग तारीख पुन्हा वाचली.

रस्त्यासाठी घरं जाणार. हरकत असेल तर एकवीस दिवसांत कळवावी. एकवीस दिवस संपून महिना होत आला होता.

त्या वर्षी होळी पेटली, ढोल वाजले, पण कोणाचे पाय उचलत नव्हते. दुसऱ्या दिवशी फळी तेच ढोल घेऊन रस्त्यावर बसली. मागणी एकच होती: रस्ता फळीच्या मागून पडीक माळावरून वळवा, तिथे नुसते दगड आहेत, कोणाची चूल नाही. आठ दिवस बसले. बाया पोरांना घेऊन बसल्या, गुलाबबाई तर तापाने फणफणत होती तरी उठली नाही. वळणापर्यंत गाड्यांची रांग लागायची. शेवटी भूसंपादनाचे साहेब गावात येऊन सुनावणी घेणार असं कागदावर मिळालं, तेव्हा उठले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सरांना एक फट सापडली. सरकारी फाइलमध्ये नोटिसा चिकटवल्याचा फोटो नव्हता, साक्षीदाराची सही नव्हती.

"नोटीस लागलीच नाही असं सगळ्यांनी म्हणायचं," सर म्हणाले. "मग मुदत नव्याने द्यावी लागेल. तेवढ्यात मी रस्ता माळावरून वळवा अशी हरकत पक्की करून देतो. आणि ते कागद आजच्या आज चुलीत घाला."

सगळ्यांनी आपापले कागद आणून नानीबाईच्या हातात दिले, कारण चुलीपुढे तीच बसली होती. सुनिता म्हणाली, जाळून टाक. मीही तिथे उभा होतो. कागदांबरोबर माझे शब्दही जळतील, असं माझ्या मनात आलं आणि हायसं वाटलं. मी घरी येऊन पोटभर जेवलो.

सुनावणी शाळेच्या ओसरीत होती. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. पुरुषांचं सगळं ऐकून घेतलं, फाइल दोनदा उलटीपालटी केली आणि म्हणाले, "चिकटवल्याचा पुरावा दिसत नाही. असं असेल तर नोटिसा पुन्हा काढाव्या लागतील."

गोवालने माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर हसू येऊ घातलं होतं.

तेव्हा कोपऱ्यातला कारकून उठला. कागद त्यानेच चिकटवले होते, आता त्याच्या नोकरीवर येत होतं. "साहेब, मी स्वतः एकेका दारावर लावल्यात. यांनीच फाडून फेकल्या असतील. या लोकांना कागदाची किंमत असते का?"

पुरुषांनी ठरलेलं तेच पुन्हा सांगितलं, नोटीस लागलीच नाही. बायांमध्ये खाली बसलेली नानीबाई तेवढी भिंतीला धरून उठली. ती पाणी प्यायला जाते आहे असं सगळ्यांना वाटलं. मी दाराशी होतो, ती माझ्या अंगावरून गेली. थोड्या वेळाने पाहतो तर ती परत येत होती, डोक्यावर पेटी घेऊन.

मला कळलं. दहा पावलं मध्ये होती. दे इकडे, म्हणून पेटी हातात घेतली असती आणि तिला बाहेरच्या बाहेर वळवलं असतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मला सुचलंच नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं हे आहे की मी भ्यालो. अडवलं तर ती सगळ्यांसमोर विचारेल, जहीरभाऊ, तूच तर सांगितलं होतंस ना.

कडी वाजली. कडाक्.

"फेकेल नही, साहेब," ती म्हणाली. "फाटेलबी नही. मोजी ले."

एकेक चिंधी सोडून तिने कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले. एकाचा कोपरा नव्हता. त्याबद्दल तिने हात जोडले. "हाई बकरीनी खादं. मी येवाना पहिले."

कारकुनाने मोजले. तेवीस होते. साहेबांनी एक कागद उलटून मागे वाळलेली खळ बघितली आणि पेन उचललं. सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

बाहेर लिंबाखाली गोवाल आईवर ओरडला. माझ्याशी बोलतात तशी अहिराणी नाही, ते भिलीत बोलत होते, पण इतक्या वर्षांच्या शेजारात मला ती समजते. आईला तो याहा म्हणतो.

"याहा, जाळ म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"त्यावर तुमची नावं आहेत," ती म्हणाली. "सर वाचत होते तेव्हा मी ऐकलं. जित्या माणसाचं नाव चुलीत कसं घालू?"

गोवालने कपाळाला हात लावला. "आणि आधी दारावरून काढायला, सांभाळून ठेवायला कोणी सांगितलं होतं तुला?"

नानीबाईने मान वर केली. माझ्याकडे एकदा बघितलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "माझीच अक्कल."

मी तिथेच उभा होतो. मग मी दुकान उघडायला निघून गेलो.

मे महिन्यात मशीन आलं. सकाळी सुरू झालं, दुपारच्या अजानपर्यंत फळी सपाट. लोकांनी दारं, कौलं, कुलपं आधीच काढून घेतली होती. चार किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी त्यांना जागा दिली, नुसती खडकाळ, पाणी अर्ध्या तासावर. तिथे पत्रे टाकून ते राहिले. हापशावर नानीबाई गेली की बाया आपले हंडे उचलून बाजूला व्हायच्या, असं सुनिताच मला सांगत होती. माझी बायको सलीमा हिला मी सगळं सांगितलं होतं. ती एकदाच बोलली. "तिने नाव घेतलं नाही म्हणून तुमचं काम संपलं का?" मी कातर उचलून दुकानात आलो.

पुन्हा दिवाळी झाली. रस्ता तोवर गुळगुळीत झाला होता, मध्ये उंच दुभाजक. पलीकडून माझ्याकडे यायचं तर पार पेट्रोल पंपापर्यंत जाऊन वळावं लागतं. नानीबाई तेवढं चालून आली, त्या गुडघ्याने, डोक्यावर पेटी.

"मीबी जाई ऱ्हायनू गुजरातले," ती म्हणाली. "आते घर नही, ते काय राखू? पडाववर पोरं संभायसू." पडाव म्हणजे ऊसतोड्यांचा तळ.

तिने पेटी माझ्यापुढे ठेवली आणि उघडली. आत किल्ल्या होत्या, चिंध्या बांधलेल्या. नव्या जागेत पत्र्यांना कुलपं नव्हती, म्हणून लोकांनी टाकून दिलेल्या किल्ल्या तिने वेचून ठेवल्या होत्या.

हातोडी खाली ठेवून मी म्हटलं, "नानीबाई, त्या दिवशी मीच तुला..."

"माले माहीत शे," ती म्हणाली. "तू वाचं नही, मी इचारं नही." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मग तिने पेटी लावली आणि माझ्याकडे सरकवली.

"सांभायी ठेव. होयीले येसू तवय देजो."

माझेच शब्द होते. ती वळली आणि पेट्रोल पंपाच्या दिशेने चालू लागली. तिथे ट्रक उभा होता.

पौषात गोवालचा फोन आला. पडावावर थंडीने ताप भरला, तीन दिवसांत नानीबाई गेली. तिकडेच माती दिली. "जहीरचाचा," तो म्हणाला, "शेवटपर्यंत म्हणत होती, माझ्यामुळे सगळ्यांची घरं गेली. मी पण तिला कधी धड बोललो नाही."

आता ती गोष्ट माझ्याशिवाय आणि सलीमाशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. गप्प बसलो असतो तर जन्मभर झाकून राहिली असती. मी त्याला सगळं सांगितलं. दुपार, कातर, पाच पेट्या, मी काय म्हणालो ते शब्दन् शब्द.

फोनवर मागून उसाच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"ती होती तेव्हा सांगायचं होतं ना, चाचा," गोवाल म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

होळीला सगळे आले. गोवालही आला, पण दुकानाकडे फिरकला नाही. पेटी माझ्याकडेच आहे. गंज चढू नये म्हणून दर शुक्रवारी मी किल्ल्यांना तेल लावतो, आणि कोणी म्हणालं की फळी नानीबाईने घालवली, तर हातोडी थांबवून त्याला खरं काय ते सांगतो.